शिचिरिनवर चौघांचं जेवण: कोळसा पेटवण्यापासून राख काढेपर्यंत

शिचिरिन म्हणजे जपानी घरातली, टेबलावर मावेल एवढी कोळशाची शेगडी. आत कोळसा, वर जाळी आणि खाली हवेसाठी छोटं सरकतं दार, एवढाच तिचा कारभार. तरी हिच्यावर चौघांचं पोटभर जेवण करायचं म्हटलं की दोन अडचणी लगेच समोर येतात. जाळी लहान असते, त्यामुळे चौघांना एकदम वाढता येत नाही. आणि आच हवी तेव्हा कमी-जास्त होत नाही. कोळसा आपल्या चालीने चढतो, पाऊण तास रसरसतो आणि मग उतरायला लागतो. म्हणून इथे आधी विस्तवाची चाल ओळखायची आणि तिच्यामागून पदार्थांचा क्रम लावायचा. हे जमलं की बाकी सगळं सोपं आहे.

शेगडी कशी घ्यावी

चांगली शिचिरिन डायटोमाइट मातीची असते. सूक्ष्म शैवालांच्या कवचांचा हजारो-लाखो वर्षं थर साचून ही माती तयार होते. ती सच्छिद्र असल्यामुळे आतली धग आतच राखते, आणि शेगडी वजनालाही हलकी राहते. इशिकावा प्रांतातल्या नोतो द्वीपकल्पाच्या टोकाला सुझू नावाचं गाव आहे. तिथे डोंगरात बोगदे खणून ह्या मातीचे ठोकळे छिन्नीने कापून काढतात, कोरून त्यांना शेगडीचा आकार देतात आणि भट्टीत भाजतात. १ जानेवारी २०२४च्या भूकंपात ह्या भागातल्या कारखान्यांचं आणि भट्ट्यांचं मोठं नुकसान झालं. दुसरा प्रकार मातीचा भुगा साच्यात दाबून केलेला. तो स्वस्त असतो आणि रोजच्या कामाला पुरतोही, फक्त बाहेरून जास्त तापतो. अखंड ठोकळ्यातून कोरलेली शेगडी जास्त महाग, पण कोळसा कमी खाते. वर्षातून चार-पाच वेळाच वापरणार असाल तर साच्यातली घ्या, उगाच खर्च करू नका.

चौघांसाठी बाहेरून २७ ते ३० सेंमी व्यासाची गोल किंवा ३० ते ३५ सेंमी लांबीची आयताकृती शेगडी लागते. आयताकृती आम्हाला जास्त सोयीची वाटते, कारण तिच्यात एका बाजूला कोळसा आणि दुसऱ्या बाजूला मोकळी जागा ठेवणं सोपं जातं. जाळ्या स्टेनलेस स्टीलच्या दोन घ्या. एक माखली की दुसरी चढवता येते, आणि घरात शाकाहारी माणूस असेल तर एक जाळी त्याच्यासाठी वेगळी राहते.

नवी शेगडी धुवायची नाही. पुढेही कधीच धुवायची नाही. ही माती पाणी शोषते आणि ओल असताना जोरात तापवली की आतल्या वाफेने तडकते. पहिल्या वेळी दोन-तीन लहान निखारे घालून, दार जरासं उघडं ठेवून, अर्धा-पाऊण तास नुसतीच तापू द्या. बारीक केसासारख्या भेगा नंतर पडतातच. त्यांना घाबरू नका, बाहेरची तार किंवा पट्टी घट्ट असेल तोवर शेगडी चालते.

कुठे मांडायची

बाहेर. अंगणात, गच्चीवर, किंवा परवानगी असलेल्या मोकळ्या जागेत. जपानी रेस्टॉरंटात टेबलावर निखारे दिसतात, पण तिथे प्रत्येक टेबलाच्या वर धूर आणि वायू खेचणारी नळी असते, हे पाहुण्याच्या लक्षात येत नाही. चांगला पेटलेला कोळसा धूर करत नाही, आणि फसगत नेमकी तिथेच होते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं दुखायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. घरात, तंबूत, मोटारीत, शटर अर्धवट ओढलेल्या गॅरेजमध्ये ही शेगडी पेटवायची नाही. एखादी खिडकी उघडी ठेवली म्हणून भागत नाही. जपानमध्ये भाड्याने राहणाऱ्यांनी करारही वाचावा. बहुतेक अपार्टमेंटांत बाल्कनीत विस्तव करायला मनाई असते आणि शेजारी तक्रार करतात.

टेबल लाकडी असेल तर आधी फरशीचा तुकडा किंवा दोन विटा, त्यावर लाकडी पाट, त्यावर शेगडी. हवेचं दार मुलांच्या बाजूला येऊ देऊ नका, ठिणगी तिथूनच उडते. जवळ पाण्याची बादली हवी. ती भाजलेल्या हातासाठी आणि टेबलावर पडलेल्या निखाऱ्यासाठी आहे, शेगडीत ओतायला नव्हे.

कोळसा कोणता आणि किती

बिंचोतान हा ह्यातला मानाचा कोळसा. वाकायामा आणि कोची प्रांतांत ओकच्या जातीच्या उबामे नावाच्या कठीण लाकडापासून तो करतात. शेवटी भट्टीचं तापमान १००० अंश सेल्सिअसच्या वर नेतात, लालभडक कोळसा बाहेर ओढतात आणि ओलसर राख-वाळूखाली विझवतात. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की धातूसारखा टणत्कार येतो. आच स्थिर, धूर नाही, वास नाही. पण तो पेटायला हट्टी असतो आणि ओलसर असला किंवा एकदम तापवला तर फटाक्यासारखा फुटतो. मुलांबरोबर पहिल्यांदा बसणार असाल तर निव्वळ बिंचोतानच्या वाटेला जाऊ नका.

घरच्या जेवणाला ओगातान बरा. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या कांड्यांचा हा कोळसा, मधोमध भोक असलेला. धूर कमी, जळतो बराच वेळ, फुटण्याचा त्रास फारसा नाही. त्याच्या जोडीला थोडा साधा काळा लाकडी कोळसा ठेवा, तो पटकन पेटतो आणि ओगातानला पेटवतो. चौघांच्या दीड तासाच्या जेवणाला ७०० ते ८०० ग्रॅम ओगातान आणि साधारण २०० ग्रॅम काळा कोळसा पुरतो. काडी लावताच पेटणारा, रसायन चोळलेला कोळसा घेऊ नका. त्याचा वास पहिल्या अर्ध्या तासातल्या प्रत्येक घासाला लागतो.

पेटवणं

जपानी घरात ह्यासाठी हिओकोशी असते, म्हणजे तळाला भोकं असलेलं, लांब दांड्याचं भांडं. त्यात कोळसा घालून ते गॅसवर धरतात. ह्यात दोन मेख आहेत. २००८ नंतरच्या जपानी घरगुती गॅसशेगड्यांना प्रत्येक बर्नरवर तापमानाचा सेन्सर असतो. वर लाल भांडं आलं की तो गॅस बारीक करतो किंवा बंदच करतो, आणि कोळसा अर्धवट राहतो. दुसरी मेख जास्त गंभीर. डब्यावर चालणाऱ्या छोट्या पोर्टेबल शेगडीवर हिओकोशी कधीही ठेवू नका. निखाऱ्यांची धग बाजूच्या गॅसच्या डब्याला लागते आणि डबा फुटू शकतो. असे अपघात खरोखर झालेले आहेत.

त्यापेक्षा पत्र्याची चिमणी बरी, म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडं, तळाशी जाळी असलेलं नळकांडं. ते बाहेर विटांवर ठेवा. तळाला पेटवणाची एक वडी किंवा घट्ट पिळलेला कागद, त्यावर काळा कोळसा, त्यावर ओगातानच्या ५-६ सेंमीच्या कांड्या उभ्या रचलेल्या. उभ्या ह्यासाठी की मधून हवा सरळ वर जाते. एकूण कोळशापैकी साधारण दोन तृतीयांश इथे घाला. काळा कोळसा १५ मिनिटांत धरतो, ओगातानला २५ ते ३० मिनिटं द्या. अधूनमधून हलवण्याचा मोह आवरा, हलवलं की रचना कोसळते आणि हवा अडते. वरच्या कांड्यांच्या कडांवर राखेची पांढरी साय दिसली आणि मधल्या भोकातून लाल उजेड आला की काम झालं. आतला भाग काळाच असताना घाईने शेगडीत ओतला तर धूर डोळ्यांत जातो आणि भाज्यांना कडवट वास लागतो. पहिल्या वेळी बिघडतं ते बहुतेक इथेच.

बिंचोतान वापरायचाच असेल तर आदल्या दिवशी तो कोरड्या, उबदार जागी ठेवा. पेटवताना सुरुवातीला ज्वाळेपासून जरा वर ठेवून १० मिनिटं नुसता गरम होऊ द्या, मग विस्तवावर आणा. तोवर वरून वाकून बघू नका.

निखारे मांडणं

चिमट्याने एकेक निखारा उचलून शेगडीत ठेवा, ओतू नका. शेगडीचा दोन तृतीयांश भाग भरा, एक तृतीयांश रिकामा सोडा. ही रिकामी जागा म्हणजे सुटकेची वाट. कोंबडीची चरबी गळून ज्वाळा उठली, काही करपायला लागलं, मूल पाणी मागायला आलं, की सगळं तिकडे सरकवायचं. उरलेला न पेटलेला कोळसा निखाऱ्यांच्या कडेला टेकवून ठेवा, म्हणजे तो हळूहळू तापत राहील. नंतर थंड कोळसा एकदम टाकला तर आच पडते आणि पुन्हा यायला वीस मिनिटं जातात.

दार पूर्ण उघडं म्हणजे जोराची आच, अर्धं म्हणजे मध्यम. विंझण्याने वारा घालायचा तो खालच्या दारातून. वरून घातला की राख जेवणावर. आचेचा अंदाज हातानेच घ्यावा: जाळीच्या वर १० सेंमीवर तळवा धरा. दोन-तीन सेकंदांत मागे घ्यावा लागला तर जोराची, पाच-सहा सेकंद धरवला तर मध्यम, आठ-दहा सेकंद म्हणजे मंद. निखाऱ्यांवर राख जाड झाली असेल तर आच कमी वाटते, चिमट्याने हलकं टोचून राख पाडा.

आधी करून ठेवायची तयारी

शेगडी पेटली की स्वयंपाकघरात पळापळ नको. चौघांसाठी एवढं हाताशी ठेवा: कातडीसकट बोनलेस कोंबडीची मांडी ६०० ग्रॅम, २ सानमा मासे (प्रत्येकी १३०-१५० ग्रॅम), ४ छोटी जपानी वांगी, १५-१६ शिशितो मिरच्या, ८ शिताके मशरूम, २ जाड पातीचे कांदे, जाड तळलेल्या तोफूच्या २ वड्या, मक्याची २ कणसं आणि ३०० ग्रॅम जपानी तांदळाचा भात.

तारे, म्हणजे भाजताना वरून लावायचा गोडसर सॉस, सकाळीच करा. सोया सॉस १०० मिली, मिरिन (स्वयंपाकाची गोड तांदळाची दारू) १०० मिली, साके (तांदळाची दारू) ५० मिली, साखर २ मोठे चमचे. मंद उकळत ठेवून दोन तृतीयांश होईपर्यंत आटवा, १० ते १२ मिनिटं लागतात. थंड झाल्यावर तो चमच्याच्या पाठीला चिकटून राहिला पाहिजे. साखर जास्त घातली तर रंग छान येतो, पण निखाऱ्यावर लगेच करपतो.

कोंबडीचे अडीच सेंमीचे तुकडे करा. अर्ध्या तुकड्यांना १ टक्का मीठ (३०० ग्रॅमला ३ ग्रॅम), अर्धे तारे लावण्यासाठी तसेच. बांबूच्या काड्या अर्धा तास पाण्यात भिजवून पाच-पाच तुकडे, मधे कांद्याची पात, असे ओवा. तुकड्यांत फट ठेवू नका, उघडी काडी जळते. काडीचा मोकळा भाग शेगडीच्या बाहेर राहील एवढी जागा सोडा.

सानमा सुमारे ३० सेंमी लांब असतो, शेगडीत मावत नाही, म्हणून मधोमध तिरका कापा. मीठ लावून २० मिनिटं ठेवा आणि सुटलेलं पाणी नीट टिपून घ्या. ओला मासा जाळीला चिकटतो, कातडी तिथेच राहते. शरद ऋतूत सानमा मिळाला नाही तर बांगड्याच्या कुळातला साबा घ्या. त्याच्या तुकड्याच्या कातडीला दोन चिरा द्या.

कणसं ७-८ मिनिटं उकडून ४ सेंमीच्या चकत्या करा, कच्ची ठेवली तर लहान आचेवर ती शिजता शिजत नाहीत. भाताचे १०० ग्रॅमचे सहा-सात त्रिकोणी गोळे, म्हणजे ओनिगिरी, ओल्या हाताने घट्ट दाबा. सैल ओनिगिरी जाळीवर फुटते. भारतात हे करणार असाल तर कोलम किंवा बासमती सोडा, इंद्रायणीसारखा चिकट तांदूळ घ्या.

एक काम मात्र विसरू नका: विस्तवाशिवाय खाता येईल असं काहीतरी टेबलावर आधीच हवं. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) घातलेलं सूप, मीठ चोळलेली काकडी, उकडलेले एडामामे, म्हणजे कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा. जाळीवरून पहिला घास मिळायला आणि सगळ्यांची भूक भागायला वेळ लागतो. तेवढ्यात मुलं कंटाळली की जेवणाची मजा गेलीच.

चढती आच: भाज्या आणि तोफू

जाळी रिकामीच पाच मिनिटं तापवा, मग तेलात किंवा व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कापडाने चिमट्याने पुसा. पहिल्या १५ मिनिटांत आच अजून चढत असते, ती भाज्यांना मानवते. शिवाय जाळीला मासा-मांस लागण्याआधी शाकाहाऱ्यांचं खाणं होऊन जातं. शिशितोला काटा टोचा, नाहीतर फुटते. दोन-तीन मिनिटांत डाग पडले की काढा. शिताकेचा देठ काढून पोटाची बाजू वर ठेवा आणि उलटवू नका. पोटात पाण्याचे थेंब जमले की त्यावर दोन थेंब सोया सॉस सोडा आणि लगेच खा. उलटवलं की तो रस निखाऱ्यात जातो, आणि मशरूममध्ये खाण्यासारखं तेच असतं. तोफू चारही बाजूंनी खरपूस होईतो, मग वर किसलेलं आलं. विकतचे पोंझू (लिंबूवर्गीय रसाचा सोया सॉस) किंवा मेन्त्सुयू (नूडल्सबरोबरचा सोया सॉस) शाकाहारी माणसाला देण्याआधी लेबल वाचा, बऱ्याच बाटल्यांत बोनिटो माशाचा अर्क असतो.

भर आच: वांगी, कोंबडी, मासा

दार पूर्ण उघडा. वांग्यांना दोन-तीन ठिकाणी टोचून थेट सर्वात लाल निखाऱ्यांवर ठेवा, दर दोन मिनिटांनी पाव वळसा. आठ-दहा मिनिटांत साल काळं पडतं आणि वांगं मऊ लागतं. पाण्यात बुडवू नका, धुराची चव धुवून जाते. बोटं ओली करून गरम असतानाच साल ओढा. इथपर्यंत हे आपलं भरताचंच वांगं, पुढे मात्र ते कुस्करायचं नाही. लांबट फाका करून आलं आणि सोया सॉस, चालत असेल तर बोनिटोचे पातळ काप.

वांगी चालू असतानाच दुसऱ्या अर्ध्यात कोंबडीच्या काड्या. पहिली तीन मिनिटं कातडीची बाजू खाली, मग दर मिनिटाला उलटवा, एकूण ८ ते १० मिनिटं. चरबी गळून धूर येतो तो हवाच, पण पिवळी ज्वाळा उठली की काजळी बसते. ज्वाळा दिसली की काड्या रिकाम्या बाजूला. वर पाणी शिंपडू नका, राख उडते. तारे फक्त शेवटच्या दोन मिनिटांत: लावा, अर्धा मिनिट भाजा, पुन्हा लावा, असं दोन-तीनदा. आधीपासून लावला की बाहेरून काळा, आतून कच्चा. सर्वात जाड तुकडा कापून रस स्वच्छ आहे ना, गुलाबी नाही ना, हे बघा. थर्मामीटर असेल तर आत ७५ अंश. कच्च्या मांसाचा चिमटा आणि खायच्या काड्या वेगळ्या. जपानमध्ये अर्धकच्च्या कोंबडीतून कॅम्पिलोबॅक्टर ह्या जिवाणूची विषबाधा वारंवार होते, आणि टेबलावर बसून भाजताना ही चूक सहज होते.

माशाला जोराची पण दुरून आच हवी. पाय असलेली उंच जाळी असेल तर ती लावा, नाहीतर शेगडीच्या कडांवर दोन जाड लोखंडी पट्ट्या आडव्या ठेवून जाळी चार-पाच सेंमी उचला. ताटात जी बाजू वर दिसणार ती आधी खाली. पाच-सहा मिनिटं हात लावायचा नाही, एकदाच उलटवायचा, मग चार-पाच मिनिटं. जपानी म्हण आहे की मासा सरदाराला भाजू द्यावा आणि मोची (चिकट तांदळाची वडी) भिकाऱ्याला. सरदार निवांत बसतो, भुकेला सारखा उलटवत राहतो. मासा चिकटलेला वाटला तर ओढू नका, अर्धा मिनिट थांबा, कातडी कोरडी झाली की तो आपणहून सुटतो.

उतरती आच: मका, ओनिगिरी, मोची

पन्नास-साठ मिनिटांनी निखारे लहान होतात. कडेचा कोळसा आता धरलेला असेल, त्यातला थोडा आत सरकवा, पण पुन्हा भर आच करू नका. दुसरी, स्वच्छ जाळी चढवा. मक्याच्या चकत्या कोरड्याच भाजा, डाग आले की सोया सॉसचा हात फिरवा.

ओनिगिरीला घाई चालत नाही. आधी काहीही न लावता दोन्ही बाजूंना प्रत्येकी पाच-सहा मिनिटं, कोरडं कवच येईपर्यंत. मगच ब्रशने सोया सॉस, प्रत्येक बाजूला दोनदा, मधे मिनिटभर भाजून. आधीच सॉस लावला तर भात मऊ पडतो आणि गोळा जाळीत उतरतो. कवच नीट आलं असेल तर चिमट्याने टकटक केल्यावर आवाज येतो. मोचीच्या वड्या शेवटी, सारख्या उलटवत, फुगेपर्यंत. लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना मोची बारीक तुकडे करूनच द्या, घशात अडकून दर नवीन वर्षात जपानमध्ये माणसं दगावतात.

विझवणं

नुसतं दार बंद करून शिचिरिन विझत नाही, वरून हवा मिळतच राहते. हिकेशित्सुबो, म्हणजे घट्ट झाकणाचं मातीचं किंवा लोखंडी भांडं, त्यासाठीच असतं. निखारे चिमट्याने त्यात टाका, झाकण लावा, भांडं विटांवर ठेवा आणि सकाळपर्यंत उघडू नका. भांडं बाहेरूनही चटका देण्याइतकं तापतं. उरलेला कोळसा पुढच्या वेळी तळाला घाला, एकदा जळलेला कोळसा नव्यापेक्षा लवकर धरतो. असं भांडं नसेल तर एकेक निखारा चिमट्याने पाण्याच्या बादलीत पूर्ण बुडवा, चेहरा लांब ठेवून, आणि तो कोळसा ऊन दाखवून पूर्ण वाळेपर्यंत वापरू नका.

राख शेगडीतच दुसऱ्या दिवसापर्यंत राहू द्या. वरून गार दिसणाऱ्या राखेच्या पोटात निखारा असतो, प्लॅस्टिकच्या कचरापेटीत टाकलेल्या अशा राखेने आगी लागतात. पूर्ण गार झाल्यावर धातूच्या डब्यात काढा, शेगडी आतून कोरड्या ब्रशने झाडा आणि दमट जागा सोडून कुठेही ठेवा. चुकून पावसात भिजलीच तर आठवडाभर सावलीत वाळवा आणि पुन्हा पहिल्यासारखीच दोन-तीन निखाऱ्यांवर तापवून घ्या.